न उडालेली काच

मी एक जुनी काच आहे. सगळे मला काच म्हणतात म्हणून मीही म्हणते. खरं तर मी ॲक्रिलिक नावाच्या प्लास्टिकची आहे. वजनाने काचेच्या निम्मी, तिच्याइतकीच पारदर्शक आणि कातडीने तिच्याहून नाजूक. घरी बांधलेल्या एका दोन आसनी विमानाच्या पुढ्यात बसायचं, समोरचा वारा अंगावर घ्यायचा आणि आतल्या माणसांना आभाळ दाखवायचं, यासाठी माझा जन्म झाला. मित्रांनो, मी आजवर एकदाही उडाले नाही. ते का, एवढंच मला सांगायचं आहे.

मला घडवणारे गृहस्थ बसच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये विमान बांधायला घेतलं आणि गल्लीने त्यांना ‘कॅप्टन’ ही पदवी बहाल केली. समोरचे दुकानदार तर रोज हाक मारून विचारायचे, “काय कॅप्टन, पंख फुटले का?”

“अजून अंडं उबवतोय,” कॅप्टन म्हणायचे.

त्यांच्या पत्नी पुढच्या खोलीत लोकांचे कपडे शिवत. त्या सगळ्यांच्या टेलरबाई. विमानाचं वेड त्यांना नव्हतं. त्यांची मागणी एकच होती. “मला एकदा आपली गच्ची वरून बघायचीय. तीस वर्षं मान वर करून दोरीवर कपडे टाकतेय. वरून ते कसे दिसतात, तेवढं एकदा दाखवा.”

“पहिली फेरी तुझीच,” कॅप्टननी त्यांना शब्द दिला होता.

मी आधी एक सपाट तक्ता होते. मला भट्टीत तापवून मऊ केलं आणि लाकडी साच्यावर अलगद पांघरलं. लाकडाच्या रेषा माझ्या गरम अंगावर उमटू नयेत, म्हणून साच्याला फ्लॅनेलचं झबलं घातलेलं होतं. ते टेलरबाईंनी शिवलं होतं, एकही सुरकुती न ठेवता. माझ्या अंगाला लागलेला पहिला स्पर्श त्या कापडाचा.

माझ्याआधी एक थोरली बहीण होती. कॅप्टननी तिला लोखंडाला पाडतात तशी, ड्रिलच्या धारदार बिटने, स्क्रूच्या मापाची भोकं पाडली. चौथ्या भोकाशी ‘टक्’ असा आवाज झाला आणि एक तडा थेट काठापर्यंत गेला. कॅप्टन स्टुलावर बसून राहिले. गळ्यात मापाची टेप तशीच घेऊन टेलरबाई आल्या आणि वाकून बघू लागल्या.

“भोक स्क्रूएवढंच पाडलंत होय?”

“मग काय कढईएवढं पाडू?”

“अहो, अंगाबरोबर बेतलेला कपडा श्वास घेतला की उसवतो. ही उन्हात फुगत असणार, थंडीत आकसत असणार. थोडी माया ठेवा की.”

कॅप्टननी माहितीपुस्तक उघडलं. त्यांनी न वाचता उलटलेल्या पानावर तेच लिहिलेलं होतं, फक्त अवघड भाषेत. माझ्या वेळी त्यांनी बिटची धार दगडावर घासून बोथट केली, म्हणजे ती चावणार नाही, नुसती खरवडेल. शेड उबदार केली, मागे लाकडाचा ठोकळा धरला, भोकं ऐसपैस पाडली आणि स्क्रू आवळले नाहीत, नुसते टेकवले. मला एकही तडा गेला नाही. बाजूच्या खिडक्यांत पॉलिकार्बोनेट या दुसऱ्या प्लास्टिकची माझी भावंडं बसली. ती भलतीच चिवट. पत्र्यासारखी वाकवा, हातोडी मारा, हूं की चूं करणार नाहीत. मात्र नखाचा ओरखडाही त्यांच्या अंगावर राहतो आणि पेट्रोलच्या नुसत्या वाफेने त्यांचा जीव जातो. ज्याची त्याची दुखरी जागा वेगळी असते, मित्रांनो.

घडवून झाल्यावर ओरखडे पडू नयेत म्हणून माझ्या दोन्ही अंगांना निळी फिल्म चिकटवलेली होती. ती वेळेत काढायची असते. टेलरबाई म्हणायच्या, “आता सोला की तो कागद. आंधळ्यासारखी उभी आहे बिचारी.”

“राहू दे गं. ओरखडे पडतील.”

शेडच्या छताला एक झरोका होता. त्यातून रोज दुपारी ऊन माझ्यावर यायचं. असे दोन उन्हाळे गेले. मला जपण्यासाठी ठेवलेली ती फिल्म माझ्या अंगात भाजून बसली. तिचा गोंद कातडीसारखा झाला.

त्याच हिवाळ्यात टेलरबाईंच्या शिवणयंत्राचा आवाज थांबला. त्यांच्या पोटात गाठ निघाली होती. झाडांना नवी पालवी येईपर्यंतचे दिवस डॉक्टरांनी सांगितले. कॅप्टन शेडमधल्या कॅलेंडरपुढे पेन्सिल घेऊन उभे राहिले. आधी माझी फिल्म काढणं, मग तपासणी, मग नियमाप्रमाणे त्यांनी एकट्याने करायची उड्डाणं, मग टेलरबाईंची फेरी. सगळं मांडून झाल्यावर हातात नऊ दिवस शिल्लक राहत होते. आता फक्त माझी फिल्म निघायची बाकी होती.

“ते काम माझं,” टेलरबाई म्हणाल्या. “उसवण्यात माझा हात कोण धरणार?”

रोज दुपारी त्या शाल पांघरून माझ्याजवळ बसत. कोमट पाणी, थोडा साबण, मऊ सुती फडकं आणि त्यांची बोटं. ओलं फडकं ठेवून त्या वाट बघत, मग कडा नखाने न उचलता बोटाच्या पेराने हळूहळू लोटत. सुरुवात त्यांनी उजवीकडून केली, कारण त्यांची जागा उजवीकडची. उठताना त्या आपलं काम मोजत. “आज चार बोटं झाली.” कधी दोनच. एकदा नुसतं एक बोट; त्या दिवशी पाणी गार झालं तरी त्या तशाच बसून होत्या. दोन आठवड्यांत माझी उजवी बाजू आतून-बाहेरून मोकळी झाली आणि मला प्रथमच दिसलं, की शेडचं दार हिरवं आहे आणि त्यातून घराची गच्ची दिसते.

मग त्यांना दोन दिवस दवाखान्यात राहावं लागलं. पहिल्याच दुपारी कॅप्टन एकटेच शेडमध्ये आले. त्यांनी ते कोरडं फडकं उचललं, हातात धरलं. बायकोच्या पेरांची सालं निघालेली त्यांनी पाहिली होती. ती परत येईल तेव्हा काच पूर्ण लखलखीत असावी, तिच्या बोटांना आता विश्रांती मिळावी, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्यांनी फळीवरून थिनरचा डबा काढला. पस्तीस वर्षं त्यांनी बसच्या अंगावरचा प्रत्येक हट्टी डाग थिनरनेच काढला होता.

मला दुखलं नाही. आधी गार वाटलं. गोंद भराभर सुटला, निळे पापुद्रे गळून पडले आणि कॅप्टन किती दिवसांनी स्वतःशीच हसले. ते हात धुऊन परत आले तोवर माझ्या डाव्या बाजूत, जिथे मला सर्वांत जास्त वाकवलेलं होतं तिथे, केसासारखी एक रेघ उमटली होती. मग दुसरी. मग मोजता येणार नाहीत इतक्या. थिनर ॲक्रिलिकला चालत नाही, हेही त्या पुस्तकात होतं.

दुसऱ्या दिवशी विमान तपासायला आलेले तपासनीस सज्जन होते. त्यांनी तिरपा टॉर्च धरून मला पाहिलं आणि अंगठा फिरवला.

“ही घेऊन वर जाऊ नका. वाऱ्याचा दाब आला की तोंडावर फुटेल. नवी करून घ्या.”

“किती दिवस लागतील?”

“दोन महिने धरा.”

कॅप्टननी कॅलेंडरकडे पाहिलंसुद्धा नाही. तपासनीस गेल्यावर त्यांनी माझ्यावर जुनी चादर टाकली.

टेलरबाई घरी आल्या. त्यांना सांगण्यात आलं, की तपासनीस रजेवर आहेत. मग वारा फार आहे. मग इंजिनाचा एक भाग यायचाय. चौथ्या दिवशी त्या भिंतीला धरत धरत शेडमध्ये आल्या.

“थिनर वापरलंत ना?”

“कोण म्हणालं?”

“नाक म्हणालं. शेडभर वास मुरलाय. काढा ती चादर.”

चादर निघाली. त्यांनी माझी डावी बाजू पाहिली, मग नवऱ्याकडे पाहिलं. कॅप्टन मान खाली घालून उभे होते. “तुझी बोटं बघवत नव्हती गं,” एवढंच ते म्हणाले.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. “माझी बाजू धड आहे ना? मग बसवा मला आत. आणि तुम्हीही बसा, कॅप्टन. विमान काय मी चालवू?”

कॅप्टननी त्यांना उचलून उजव्या आसनावर ठेवलं आणि ते डावीकडे बसले. दार सताड उघडं होतं. गच्चीवरच्या दोरीवर एक पिवळी चादर वाळत होती.

“गच्ची खालूनच दिसतेय,” टेलरबाई म्हणाल्या. “पण ती चादर बघा कशी हलतेय. डोळे बारीक केले की वाटतं, ती जागेवरच आहे आणि आपणच चाललोय.” थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “तुमच्या बाजूने काय दिसतंय?”

माझ्या हजार रेघांवर दुपारचं ऊन फुटलं होतं.

“ऊन,” कॅप्टन म्हणाले. “नुसतं ऊन.”

त्यानंतर त्या शेडमध्ये आल्या नाहीत. अंगणातल्या झाडाला पालवी फुटली तेव्हा घरात पुष्कळ चपलांचे आवाज झाले, मग एकही नाही. नवी काच आली ती त्यानंतर एकोणीस दिवसांनी.

कॅप्टननी मला काढून भिंतीशी टेकवलं आणि नवीला माझ्याशेजारी ठेवलं, निळ्या फिल्मसकट. मग शेडला कुलूप लागलं. समोरचे दुकानदार आता काही विचारत नाहीत. आठ महिने झाले. झरोक्यातलं ऊन रोज तिच्यावर येतं. तिचा गोंद घट्ट होत चाललाय हे मला कळतं, आणि मला ओरडता येत नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, मित्रांनो. ज्याला जपायचं आहे त्याला आधी विचारा, त्याला काय सोसतं. विचारता येत नसेल तर ज्याने त्याच्याजवळ बसून दिवस काढले, त्याला विचारा. मला तडे देणारा हात वाईट नव्हता. त्या हाताला फक्त घाई झाली होती, आणि घाई होण्यासारखंच त्याचं दुःख होतं.

काल दुपारी कुलूप निघालं. कॅप्टन आत आले. त्यांच्या हातात पातेलं होतं, त्यातून वाफ येत होती, आणि खांद्यावर ते सुती फडकं. ते नवीजवळ स्टूल ओढून बसले. फडकं ओलं करून त्यांनी तिच्या उजव्या काठावर ठेवलं, वाट बघितली आणि पेराने कडा लोटायला लागले. त्यांची बोटं जाड. कडा पुन्हा पुन्हा निसटत होती. पाणी गार झालं तरी ते उठले नाहीत.

ऊन झरोक्यातून सरकलं तेव्हा त्यांनी मोकळ्या झालेल्या पट्टीवर आपलं बोट आडवं ठेवून मापलं. मग माझ्याकडे, माझ्या स्वच्छ उजव्या बाजूकडे बघत ते म्हणाले,

“आज एक बोट झालं गं.”