बासनातली खारूताई

मित्रांनो, मी एक जुना कवितासंग्रह आहे, तुमच्याएवढ्या मुलांसाठी छापलेला. माझ्या पानांची आता चाळणी झाली आहे; पण जेवढा उरलो आहे, तेवढ्यानं बोलतो.

पिंपळगाव रेणुकाईच्या सप्ताहात, काल्याच्या कीर्तनाला, भागवत महाराजांनी मला आकांक्षाच्या हाती दिलं. एवढीशी पोर, पण टाळकऱ्यांच्या रांगेत उभी राहून एकदाही ठेका चुकली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून तिच्या घरात माझंच कीर्तन सुरू झालं. माझ्यातली खारीची कविता ती चक्क अभंगाच्या चालीवर गायची,

"खारूताई, खारूताई,
ऊन पाठीवर घेऊन कुठं निघालीस बाई..."

वडील कारभारी शेतातून आले की त्यांच्या हाती टाळ द्यायची.

"अगं, खारीचं कीर्तन कुठं असतंय का?"

"खार देवानंच केली न? मंग? धरा जल्दी. तुमचा टाळ रोज मागं पडून राह्यला."

आई वंदना भाकरी थापता थापता हसायची. माझ्यावर पिठाची बोटं उमटली, तेलाचा डाग पडला. देवाशपथ सांगतो, तेच माझं वैभव होतं.

मग एका पावसाळ्यात तिला ताप आला. जालन्याच्या दवाखान्यात नेताना तिनं मला पिशवीत घालायला लावलं. परत येताना पिशवीत मी होतो. ती नव्हती.

वंदनानं मला पोथीसारखं लाल बासनात बांधलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं. रोज हळद-कुंकू, ओलं फूल, वरून तीर्थाचे थेंब. त्या माउलीच्या मायेला मी काय नाव ठेवू? पण ओल आत मुरत गेली आणि त्या अंधारात मला पानं कुरतडणारी कसर लागली. एकेक ओळ जात होती, आणि मला हाक मारता येत नव्हती.

धाकटी तारा वाचायला शिकली. म्हणाली, "आई, ताईचं पुस्तक दे न."

"हात न्हाई लावायचा. त्यात माझी आकांक्षा हाये."

तारा मग लांबूनच मला नमस्कार करायची. मला मात्र तिची बोटं हवी होती.

यंदाच्या सप्ताहात भागवत महाराज घरी जेवायला आले. देव्हाऱ्याकडे बघून हळूच म्हणाले, "वंदनाताई, हे पोरींनी गावं म्हणून देल्तं मी. ताराला द्या."

वंदनानं मला देव्हाऱ्यातून काढून मांडीवर घेतलं. मग तिनं गाठ सोडली. पिवळा भुगा तिच्या पदरात सांडला. खारूताईच्या पानावर वरच्या दोनच ओळी शाबूत होत्या. तारानं त्या वाचल्या.

"पुढं काय हाये, आई?"

वंदनानं कारभारींकडे पाहिलं.

"मला निस्ती चाल आठवती," ते म्हणाले. "शब्द तिलाच पाठ होते."

"रोज ऐकायची मी," वंदना म्हणाली. ती पदरातल्या भुग्यात ओळी शोधू लागली.

मित्रांनो, पूजेला देव आहेत. आम्हांला तुमच्या खरकट्या हातांनी धरलंत तरी चालेल, पण उघडा. घरात कुणाचं पुस्तक जिवापाड जपून बांधून ठेवलेलं असेल, तर आजच त्याची गाठ सोडा आणि मोठ्यानं वाचा, कुणीतरी पाठ करेपर्यंत.

त्या दिवशी कारभारींनी खुंटीवरचे टाळ काढले. तारानं त्या दोन ओळी गायल्या, पुन्हा त्याच गायल्या. पुढच्या ओळींच्या जागी नुसता टाळ वाजत राहिला.