नाही म्हणणाऱ्याचं काम

आमच्या ‘ओसरी’त मतदान होत नाही. ओसरी म्हणजे संगणक चालवणारी अख्खी प्रणाली, विंडोजच्या जागी टाकतात तसली. आम्ही हौशी माणसं ती फुकट बनवतो आणि फुकट वाटतो. बैठकीत ठराव आला आणि कुणी ‘नाही’ म्हटलं नाही, की तो मंजूर. नाही म्हणायची मुभा सगळ्यांना आहे. फक्त जो नाही म्हणेल, त्यानंच ते काम अंगावर घ्यायचं. त्यामुळे सगळे भारी समजूतदार झालेत.

मी सोनाली, बुऱ्हाणपूरला लालबागेत राहते आणि जुन्या संगणकांवर चालणारी ओसरी सांभाळते. भंगारात जाणारी यंत्रं माझ्यामुळे बहादरपुरात केळीच्या गाड्यांच्या पावत्या छापतात. याचा मला गर्व आहे, आणि तो मी लपवत नाही.

त्या रविवारी ऑनलाइन बैठकीत जितेंद्रनं ठराव मांडला. हा इंदूरचा, आमचा म्होरक्या. ठराव काय, तर जुने संगणक बंद. कारण निरंजन. नेपानगरचा निरंजन शिकवण्या घेतो, त्याला दिसत नाही. पडद्यावरचं मराठी वाचून दाखवणारा आवाज ओसरीत हवा, असं तो कधीचा मागतोय.

“हात थोडे, कामं जास्त,” जितेंद्र म्हणाला. “देख सोनाली, दोनों नहीं होगा. तुझे डबे वाचवायचे की निरंजनचा आवाज, तूच सांग.”

माझं टाळकं सरकलं. एका गरजवंताच्या खांद्यावर बंदूक ठेवून दुसऱ्यावर गोळी! नाही म्हणावं, तर मी निरंजनच्या वाटेत आडवी पडले असं होणार. गप्प बसावं, तर बहादरपुरात त्या पावत्या छापणाऱ्या कौतिककाकांना काय तोंड दाखवू? निरंजन बैठकीतच होता. पण जितेंद्र त्याच्या वतीनं इतकं बोलत होता, की त्याला स्वतःला बोलायला जागाच उरली नव्हती.

“निरंजनभाऊ,” मी थेट विचारलं, “तुमच्याकडं संगणक कोणता आहे?”

“जुनाच आहे ना, ताई. इथल्या कागद मिलमधल्या एका साहेबानं बदली होऊन जाता जाता दिला. तुमचीच ओसरी त्याच्यावर. शेजारची पोरगी वाचून सांगते मले. नवा कुठून आनू?”

“मग हे आधी काहून नाही सांगितलं?”

“मले कोनी इचारलंच नाही.”

त्याच्या नावानं आम्ही चर्चा झाडल्या, ठराव लिहिले, आणि त्याच्या टेबलावर काय आहे हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. लाज वाटली मला.

जितेंद्र सावरला. “ठीक है. पण जुन्या यंत्रावर आवाज बसवणं डबल काम आहे. हात कुठून आणणार?”

“नवं रूप थांबवा.”

नवं रूप म्हणजे हलणारे रंग आणि उड्या मारणाऱ्या खिडक्या. आमची चांगली डोकी त्यातच गुंतलेली, जितेंद्र धरून.

“त्याच्याशिवाय कॉलेजची मुलं येत नाहीत,” तो म्हणाला. “वो भी यूजर हैं. त्यांची गरज, गरज नाही?”

“आहे. पण ती थांबू शकते. त्यांच्याकडं ओसरी साधी दिसते, एवढंच. निरंजनभाऊंकडं ती मुकी आहे.”

“नियम माहीत आहे ना? नाही म्हणशील, तर काम तुझं.”

“माहीत आहे. जुने संगणक बंद करायला माझं नाही. नव्या रूपालाही नाही. लिही. जुने संगणक आणि जुनं रूप मी सांभाळते, आवाजही मी बसवते. तू तुझे रंग खाली ठेवून मदतीला ये, नाहीतर येऊ नकोस.”

बोलले मी रागानं, पण खरं सांगायचं तर भीतीही वाटली. नोकरी, घर सांभाळून हे सगळं मी करणार होते कधी?

तेवढ्यात निरंजन खाकरला. “माझंबी नाही लिहा.”

“अरे, तुझंच काम अडेल!” जितेंद्र म्हणाला.

“माझ्या नावानं तुम्ही लय बोलले, जितूभाऊ. आता माझ्या तोंडून ऐका. नाही. आन् नाही म्हटलं तर काम कराच लागतं ना? मग सांगा मले काम.”