पेल्याचा कॅन्सर बरा झाला

रविवारी सकाळी मानपाड्यातल्या एका गाळ्यात चाळीस माणसं तोंड वासून बसली होती. खरोखरच वासून! शटर अर्धं खाली, खिडक्यांना काळे पडदे. किरणमहाराज निळी बॅटरी घेऊन एकेकाच्या जबड्यात डोकावत होते. तंबाखू, लाळ आणि उदबत्ती यांचा असा वास कोंदला होता की मी नाकाला पदर लावला.

"डॉक्टर लोक परदेशातून मशीन आणतात. आपला किरण डायरेक्ट ब्रह्मांडातून! तानाजी, तोंड उघड. बघा भक्तहो, काळा डाग. कॅन्सर! आता अंगारा."

आधी तिघांच्या तोंडात फिरून आलेलं बोट त्यांनी अंगाऱ्यात बुडवून तानाजीच्या गालात फिरवलं. शी! पुन्हा बॅटरी मारली, तर डागाच्या जागी हिरवट-पिवळी चमक. लोकांनी जयजयकार केला.

तानाजी माझा शेजारी, एमआयडीसीत कामाला. बारा वर्षं गुटखा खाऊन आता त्याचं तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही, आणि गालातली जखम भरत नाही. नौपाड्याच्या दातांच्या डॉक्टर क्षिप्रांनी चार महिन्यांपूर्वीच बायोप्सी, म्हणजे जखमेचा तुकडा काढून तपासणी, सांगितली होती. पण तुकडा काढला की कॅन्सर भडकतो, हे आपल्या लोकांचं लाडकं असत्य. हा पळाला, तो थेट महाराजांच्या पायाशी.

मला तिथे नेलं त्याच्या बायकोनं, नंदानं. "काकू, एकदा बघा तरी. अंगारा खातात तेव्हापासून ह्यांची लघवी पिवळीधम्मक होते. महाराज बोलतात, विष बाहेर पडतंय."

मी तीस वर्षं मेडिकलचं दुकान चालवलंय. आधी हसू आलं, मग संतापानं कानशिलं तापली.

मी उठले. "महाराज, मलाही चिमूटभर द्या." अंगारा मी कागदी पेल्यात टाकला, वर पाणी ओतलं. "आता मारा बॅटरी."

"किरण फक्त सजीवांवर चालतो, माई."

"दाखवा ना, महाराज," म्हणत नंदानं त्यांच्या हातातली बॅटरीच घेतली. पेला झकास उजळला. मी पर्समधून मुद्दाम आणलेली बी-कॉम्प्लेक्सची गोळी काढली, चुरडून दुसऱ्या पेल्यातल्या पाण्यात टाकली. तोही तसाच उजळला.

"घ्या! दोन पेल्यांचा कॅन्सर बरा झाला," मी म्हणाले. "ही नोटा तपासायची बॅटरी आहे. गुटख्यानं रंगलेलं तोंड तिच्याखाली काळंच दिसणार. अंगाऱ्यात ही गोळी कुटलीय. तिच्यातलं जीवनसत्त्व या उजेडात चमकतं, आणि लघवीही त्यानंच पिवळी होते."

कोणी हसलं. कोणी "श्रद्धेचा अपमान करू नका" म्हणून गुरगुरलं. तेवढ्यात महाराज मागच्या दारानं पसार झाले.

दुसऱ्या दिवशी नंदा आणि मी तानाजीला नौपाड्यात घेऊन गेलो. डॉ. क्षिप्रांनीही निळा दिवा काढला. तानाजी दचकला. "म्हणजे महाराजांचं खरं होतं?"

"नाही. हा वेगळा दिवा आहे, तोही मी खास चष्म्यातून बघते. आणि तरी तो निदान करत नाही, संशयाची जागा दाखवतो. निदान तुकड्यावरूनच होतं. आणि तुकडा काढल्यानं कॅन्सर पसरत नाही."

त्यांनी तुकडा घेतला आणि जबड्याचा थ्रीडी स्कॅन काढला. पडद्यावर जबडा गोल फिरत होता. दाढेखालचं हाड कुरतडल्यासारखं झालं होतं. शेजारी त्यांनी चार महिन्यांपूर्वीचा स्कॅन लावला. त्यात तेच हाड धडधाकट होतं.

"तेव्हाच आलो असतो तर?" नंदानं विचारलं.

"जखमेपुरतं काढून भागलं असतं, बहुतेक," डॉक्टर म्हणाल्या. नंदा नवऱ्याकडे बघेना. माझ्या डोळ्यांसमोर महाराजांचं ते ओलं बोट आलं.

रिपोर्ट कॅन्सरचाच आला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कळलं, महाराज आता खडवलीला बसतात. तानाजीबरोबर काम करणारा काळुराम तोंडातली जखम दाखवायला तिकडे निघाला होता. तानाजीनं त्याला फोन लावला. आवळलेल्या तोंडातून शब्द जेमतेम बाहेर पडत होते.

"काळू, तोंडात जखम पंधरा दिवस राहिली ना, तर दातांच्या डॉक्टरकडे जा. ते बोलतील तर तुकडा काढू दे. मी नाय काढू दिला. उद्या जबडा काढतायत."