मावशींची दोन टिंबं
फाइली ठेवायचा सर्व्हर साहेबांनी स्वतः बनवला होता. त्यात मुंगीही शिरणार नाही, असं ते छातीठोकपणे सांगत. आज रेकॉर्डरूमच्या मावशींनी त्यांच्यादेखत फाइलच्या पत्त्यात दोन टिंबं, तिरकी रेघ, पुन्हा दोन टिंबं टाकली आणि त्या थेट साहेबांच्या खाजगी फोल्डरात जाऊन उभ्या राहिल्या.

साहेबांचा पारा चढला. “हे कुणी शिकवलं?”

“तुम्हीच की! एक फोल्डर वर जायचं तर दोन टिंबं. तुमचा सर्व्हर अडवतच नाही, त्याला मी काय करू? घाबरू नका, नुसती नावं पाहिली. उघडलं काही नाही.”

साहेबांनी मनोमन हात जोडले. मावशी गेल्यावर, भोक बुजवायच्याही आधी, त्यांनी त्याच फोल्डरातला मावशींच्या कामाचा गोपनीय अहवाल उघडला आणि स्वतःच लिहिलेली ओळ खोडली: ‘या वयात नवीन काही शिकणार नाहीत.’