दुसरं बटण

भीमराजचा फोन पत्र्याच्या तुकड्यांच्या ट्रेमध्ये दिसला, तेव्हा कस्तुराला राग आला. पण पत्रा दाबणाऱ्या प्रेसचं डावं बटण चिकटपट्टीनं दाबून ठेवलेलं दिसलं, तेव्हा ती धावतच सुटली.

चाकणच्या त्या कंपनीत कस्तुरा शिफ्ट सुपरवायझर आणि भीमराज तिचा सख्खा धाकटा भाऊ. शब्द टाकून तिनंच त्याला कामाला लावलेलं. आता मला सांगा, प्रेसला दोन बटणं असतात ती कशाला? दोन्ही एकदम दाबली तरच ती चालते, आणि दोन्ही हात बटणांवर असले तर ते साच्यात जाणार कुठून! आणि या शहाण्यानं एक हात मोकळा करून घेतला होता, तो फोनवर बोट मारायला. पुढच्या पंधरा मिनिटांत बिटकॉइन वर जाणार की खाली, यावर पैसे लावायचं ॲप. निकाल लागला की लगेच पुढचा डाव. शिफ्टभर हेच.

तिनं लाल बटण मारून प्रेस बंद केली.

"ताई, दोनच मिनिटं! सलग सहा वेळा वर गेलंय, आता खाली येणारच," भीमराज म्हणाला. नजर फोनवरच.

"ते काय तुला विचारून येतं? आणि हात गेला म्हणजे?"

"लक्ष असतं गं माझं. हात कसला जातोय! तू पण ना!"

कस्तुरा तडक जेवणाच्या जागेकडं गेली. डब्यातली काकडी आणली, हातमोज्याच्या एका बोटात सरकवली आणि लांब आकड्यानं तो मोजा साच्यात ढकलला. लाइनवरचे सगळे गोळा झाले.

"चालू कर," ती म्हणाली. "आणि तुझ्या त्या एकाच हातानं दाब."

त्यानं हसत हसत दाबलं. धाडकन आवाज झाला. काकडीचं पाणी त्याच्या तोंडावर उडालं, फोनवर उडालं. मोजा बाहेर काढला तर बोट कागदासारखं चपटं. त्याचं हसू कुठल्या कुठं पळालं.

तेवढ्यात फोन वाजला. तो डाव जिंकला होता. कुणी ढुंकूनही बघितलं नाही.

चिकटपट्टी त्यानं स्वतःच ओरबाडून काढली. "झालं ना ताई? साहेबांना सांगू नकोस. पाया पडतो तुझ्या."

सांगितलं तर त्याचा ओव्हरटाइम जाणार, कदाचित नोकरीही. नाही सांगितलं तर उद्या दुसरी चिकटपट्टी. भावाला ती पुरतं ओळखून होती. तिनं पेन काढलं आणि त्याच्यासमोरच रिपोर्टमध्ये त्याचं पूर्ण नाव लिहिलं.

तीन दिवस त्याला घरी बसवलं, मग पॅकिंगला धाडलं. चऱ्होलीला वडील आप्पांसह तिघं एकाच घरात, पण आठ दिवस तो तिच्याशी बोलला नाही. नवव्या दिवशी सकाळी म्हणाला, "सख्ख्या बहिणीनं नाव लिहिलं माझं."

"लिहिलं. परत दिसलं तर परत लिहीन."

आतून आप्पांनी हाक मारली. भोसरीच्या एका वर्कशॉपात प्रेसखाली उजव्या हाताची तीन बोटं गेली, तेव्हापासून घड्याळाचा पट्टा त्यांना लावता येत नाही. रोज भीमराज लावतो. आजही तोंड फुगवूनच तो त्यांच्यापुढं बसला. पट्टा लावून झाला, आणि त्यानं आप्पांचा तो उजवा हात हातात घेतला. बराच वेळ सोडला नाही.

मग बाहेर येऊन त्यानं फोन तिच्यापुढं धरला. "ते ॲप काढून टाक, ताई."

"तूच काढ," कस्तुरा म्हणाली. "बोटं आहेत तुला."