विळी बक्खालीला गेली

मी एक घडीची विळी बोलतेय. माझं बोलणं जरा भरभर होईल, सांभाळून घ्या. काल मी समुद्र बघून आले! गेल्या दिवाळीपासून माळ्यावर पडलेल्या बाईला एकदम समुद्र दाखवलात तर ती बडबडणार नाही तर काय करणार?

माझा जन्म वेंगुर्ल्याचा. लोहाराने पातं ठोकलं, सुताराने फणसाचा पाट दिला, आणि टोकाला नारळ खवायची दातेरी खवणी बसली. मिटले की मी पिशवीत मावते. कालिंदीबाईंच्या लग्नात त्यांच्या आईने भांड्यांसोबत मलाही दिलं. यजमानांची सरकारी नोकरी कोलकात्यात, तेव्हा मीही बाईंच्या ट्रंकेत बसून इकडे आले ती इथलीच झाले.

या शहराबद्दल माझी तक्रार नाही. इथल्यासारखे मासे मी आणखी कुठे कापले असते? रोहू कापला, काटेरी हिलसा कापला, कोळंबीचे तर ढीग सोलले. फक्त तिसऱ्या, आमच्या कोकणातल्या त्या शिंपल्या, मिळाल्या नाहीत. तिसऱ्यांना इकडे झिनुक म्हणतात. बाई बाजारात जाऊन ‘झिनुक आहे का?’ असं विचारायच्या आणि शिंपले कोण खातं म्हणून मासेवाले हसायचे. बाई घरी येऊन माझ्यावर वांगी कापायच्या, जरा जोरातच.

मग न्यू टाउनचा हा फ्लॅट आला आणि उभ्याचा ओटा आला. तरी मी खाली फरशीवर होते, बाई माझ्यासमोर बसत होत्या. पण त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आता खाली बसायचं नाही. बाईंनी एका दुपारी घरात कोणी नसताना ऐकलं नाही. बसल्या, पावशेर गवार चिरली, आणि मग उठताच येईना. त्यांचा मुलगा अजेय ऑफिसातून येईपर्यंत बाई तशाच भिंतीला टेकून फरशीवर. मी समोर उघडीच. अजेयने त्यांना उचललं तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने मला मिटलं आणि माळ्यावर टाकलं.

मला त्याचा राग आला नाही, असं म्हटलं तर ते खोटं होईल. आला. पण त्याचा तो चेहराही मी पाहिला होता.

तर आता कालची गोष्ट. नूपुर म्हणजे अजेयची मुलगी. तिला ऑफिसातल्या कोणीतरी सांगितलं, बक्खालीच्या किनाऱ्यावर टपऱ्यांत तळलेले झिनुक मिळतात. झालं! शनिवारी पहाटे गाडी काढायची, टपरी-टपरी हिंडून चव घ्यायची आणि रात्री परत. बाईंचा उत्साह विचारू नका. त्यांनी डब्यात रवा आणि तांदळाचं पीठ भरलं, मालवणी मसाला भरला, कोकमाचं आगळ बाटलीत घेतलं. आणि अजेय आंघोळीला गेल्यावर कामवालीला स्टुलावर चढवून मला खाली काढलं! जुन्या लुगड्यात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवलं. माझं पातं थरथरत होतं, देवाशपथ.

वाटेत मला काही दिसलं नाही. नामखान्याचा पूल आला तेव्हा नूपुर ओरडली, ‘‘आजी, नदी बघ, बोटी बघ!’’ आणि बाईंचा हात पिशवीवर आला. मी आहे की नाही ते चाचपून बघत होत्या.

पहिल्या टपरीत झिनुक आले ते बेसनात बुडालेले. बाई म्हणाल्या, ‘‘ही भजी आहेत. आत कांदा असता तरी कळलं नसतं.’’ नूपुरने मात्र सगळी संपवली. दुसऱ्या टपरीत उकडून तळलेले. बाई चावत राहिल्या, चावत राहिल्या, शेवटी पाणी पिऊन गिळलं. ‘‘अजेय, तुझ्या गाडीचं टायर पंक्चर झालं तर हे लाव.’’ अजेय पोट धरून हसला. किती दिवसांनी हसला असेल! मी पिशवीत नुसती तळमळत होते. अहो, तिसरी उकडली की तिचं सगळं पाणी जातं, मग ती रबर होणारच. ती कच्चीच विळीवर उघडायची. कोणीतरी सांगा ना यांना!

तिसरी टपरी पुतुलदी नावाच्या एकीची. चार बांबू, वर ताडपत्री, मोठी कढई आणि बादलीत मिठाच्या पाण्यात जिवंत झिनुक. बाईंनी बादलीत हात घातला आणि त्यांचा आवाज बदलला. ‘‘अगं, या तिसऱ्याच गं! अगदी आपल्या!’’

पुतुलदीने पाणी तापत ठेवलं होतं. बाई म्हणाल्या, ‘‘ना ना, उबालना नहीं.’’

‘‘ना उबालने से मुँह कैसे खोलेगा, मासिमा?’’

तेव्हा बाईंनी पिशवीतून मला काढलं, लुगडं सोडलं आणि खट्कन उघडलं. वारा, मीठ, ऊन, सगळं एकदम अंगावर आलं!

‘‘ओ मा!’’ पुतुलदी टाळी वाजवून म्हणाली. ‘‘ये तो हमारा बोंटी है!’’ आणि तिने स्वतःची विळी माझ्याशेजारी आणून ठेवली. धिप्पाड, काळी, माझ्यासारखीच कामात मुरलेली. इकडे विळीला बोंटी म्हणतात. चुलतबहीण भेटल्यासारखं झालं मला.

पण अजेयचं हसू मावळलं. ‘‘आई, तू ही घेऊन आलीस?’’

‘‘मी खाली बसत नाहीये,’’ बाई म्हणाल्या. त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या, मला समोरच्या बाकड्यावर ठेवलं आणि पहिली तिसरी धारेवर धरली.

आणि मी हलले. बाकड्यावर पाट नुसता डुगडुगला. विळीवर बसणारीचा गुडघा पाटावर दाबून असतो, म्हणून तर विळी उभी राहते. तो गुडघाच नव्हता. तिसरी निसटली आणि वाळूत पडली. बाईंनी दुसरी घेतली. तीही निसटली, धार बोटाजवळून गेली.

‘‘पुरे, आई.’’ अजेय पुढे झाला. ‘‘हात कापून घेशील. दे इकडे, मिटून ठेवतो.’’

त्याने दोन्ही हात माझ्या पाटावर ठेवले. मला वाटलं, संपलं. आता घरी गेले की परत माळा, नाही तर भंगारवाला.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज मात्र लहानपणी त्याला पाढे म्हणायला लावायच्या तसा. ‘‘हात काढू नकोस, अजेय. तसाच दाब. जोर लाव.’’

‘‘आई...’’

‘‘माझा गुडघा गेलाय रे, हात नाही गेले.’’

अजेयने घड्याळ काढून खिशात टाकलं, पाय रोवले आणि सगळं वजन माझ्या पाटावर टाकलं. मी बाकड्याला चिकटले! बाईंनी तिसरी धरली, शिवणीवर दाबली, कट्! शिंपला उघडला, मांस एका शिंपीत, पाण्यासकट. कट्! आणखी एक. पुतुलदीने आपल्या बोंटीवर करून पाहिलं, दुसऱ्याच प्रयत्नाला जमलं तिला. नूपुर पिठात घोळवत होती, मसाला नाकाला लागून शिंकत होती. सरसूच्या, म्हणजे मोहरीच्या, तेलात तिसऱ्या पडल्या तसा असा चर्रकन आवाज झाला, की शेजारच्या टपरीतले लोक उठून आले.

पहिली बाईंनी अजेयच्या तोंडात घातली. त्याचे हात माझ्यावर गुंतलेले होते ना. तो चावला, थांबला, आणि नुसतं ‘‘आई गं’’ म्हणाला.

‘‘सरसूच्या तेलात जरा उग्र लागतात,’’ बाई म्हणाल्या. ‘‘पण वाईट नाही.’’ आणि त्यांनी आपल्यासाठी ताटली भरून घेतली. कोणी कितव्यांदा भरली ते मोजलं नाही.

हे सगळं काल झालं. रात्री नूपुरने मला धुतलं, पातं कोरडं पुसून तेलाचा हात फिरवला. बाईंनी मला ओट्यावर ठेवलं. माळ्याचं नाव कोणी काढलं नाही, पण ‘राहू दे’ असंही कोणी म्हणालं नाही. रात्रभर माझ्या जिवाला घोर.

आज रविवार. बाई नारळाची वाटी हातात घेऊन ओट्याशी आल्यात. माझ्याकडे बघतात, गुडघ्याकडे बघतात. बाहेर अजेय पेपर वाचतोय. मंडळी, तुमच्याही माळ्यावर माझ्यासारखी कोणी असेल. तिची धार गेलेली नसते हो, फक्त तिला दाबून धरणारं कोणीतरी हवं असतं. एवढं लक्षात ठेवा, आणि आता मला...

थांबा. पेपरची घडी झाल्याचा आवाज आला. अजेय आत येतोय. बेसिनशी थांबला, हात धुतले, टॉवेलला पुसले. माझ्या पाटावर दोन्ही तळवे ठेवून तो म्हणतोय,

‘‘हं आई, खव.’’