खिडकीखालची बाटली

खिडकीखालचं यंत्र त्या सकाळी रिकामं होतं आणि डोरिकाला त्याचा आनंद झाला. आनंद झाला म्हणून लगेच तिला स्वतःची लाजही वाटली, कारण पहाटे त्यावरचं बाळ गेलं म्हणूनच ते रिकामं झालं होतं. पण लाज वाटून घ्यायला नर्सकडे वेळ कुठे असतो? बाहेर मलावीतल्या मुलांजे डोंगरावरून चिपेरोनी वाऱ्याचं गार धुकं उतरलं होतं, वॉर्डाच्या काचा ओल्या झाल्या होत्या, आणि मुदतीआधी जन्मलेल्या बाळांना त्या गारठ्यात ऊब देता देता ती मेटाकुटीला आली होती.

यंत्र तसं साधं. एक पंप, दोन नळ्या आणि पाण्याची बाटली. एक नळी बाळाच्या नाकात, दुसरीचं टोक पाण्यात बुडवलेलं. पाण्यात बुडबुडे येत राहिले की समजायचं, बाळाच्या छातीत हवा टिकून आहे, इवलीशी फुप्फुसं मिटून जात नाहीत. श्रीमंत देशांत याच कामाच्या यंत्राला मोटारीएवढे पैसे पडतात. हे त्या मानाने फुकटातच म्हणायचं. खास तुमच्यासारख्या गरीब देशांसाठी बनवलंय, असं ते देताना परदेशी पाहुण्यांनी तीनतीनदा सांगितलं होतं. आपण गरीब आहोत हे ऐकायचा आपल्याला कंटाळा येत नाही, असा पाहुण्यांचा समज असावा.

त्यांनी दोन यंत्रं दिली होती. एकाच्या पंपातला बोटभर रबरी तुकडा फाटला आणि तो सबंध मलावीत कुठे मिळेना, म्हणून ते कपाटात कापड पांघरून बसलं. उरलं एक. बाळं मात्र कधी सहा, कधी नऊ. मग मोठ्या सिस्टरनी नियम घातला: जे सगळ्यात अत्यवस्थ, त्याला आधी. ऐकायला किती न्यायाचं वाटतं! डोरिकालाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. पण सगळ्यात अत्यवस्थ म्हणजे कोण? ज्याचे ओठ निळे पडलेत, जे श्वास ओढून ओढून दमलंय ते. अशी बाळं यंत्रावर जात आणि बहुतेक तिथेच संपत. जी वाचण्यासारखी असत, नुकतीच धापा टाकू लागलेली, ती रांगेत थांबत आणि पाळी येईपर्यंत तीही अत्यवस्थ होत.

बाळांबरोबर आलेल्या, वॉर्डामागच्या छपरात चुली मांडून राहणाऱ्या बायका हे सगळं बघत होत्या. नियमाचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना एवढंच दिसायचं की बाटलीकडे नेलेलं पोर परत येत नाही. त्यांनी त्याचा जो अर्थ काढला तो साफ चुकीचा होता, पण त्यांना अडाणी म्हणायला डोरिकाची जीभ रेटत नव्हती. त्यांच्या जागी ती असती तर तिनेही तोच काढला असता.

म्हणूनच आज, मोठ्या सिस्टर ब्लांटायरला गेलेल्या असताना आणि यंत्र रिकामं असताना, तिने ठरवलं की एक तरी बाळ वेळेत लावायचं. ती मालिताआजीकडे गेली.

मालिता कोपऱ्यातल्या खाटेवर नातवाला उघड्या छातीशी बांधून बसली होती. बाळंतपणात पोटाची शस्त्रक्रिया झाल्यापासून लेक लेफिना पलीकडच्या वॉर्डात तापाने फणफणलेली, त्यामुळे ऊब द्यायचं काम आजीकडे आलं होतं. बाळाच्या नाकाशी साध्या प्राणवायूची नळी चिकटवलेली होती. ती आजीने चालवून घेतली होती, कारण त्या नळीला बाटली नव्हती. पण बाळ आता कण्हू लागलं होतं. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता.

"आजी, याला आता यंत्रावर घेऊ या," डोरिका म्हणाली.

"कालच तर म्हणालीस, बाकीच्यांपेक्षा माझा बरा आहे."

"बराच आहे. म्हणून तर आता लावायचं."

"बरा आहे म्हणून बाटलीला लावायचं? मग वाईट असता तर काय, नाचायला पाठवला असतास?"

शेजारच्या खाटेवर एस्नार्ट नावाची तरुण आई होती, सकाळीच खेड्यातल्या दवाखान्यातून आलेली. तिला हसू आलं, ते तिने पदरासारखं ओढून घेतलेल्या चितेंजेच्या कापडात दाबलं.

"आजी, ऐका तरी. डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन तुम्ही चढ चढताय. हात कधी लावावा कुणी? पाय लटपटायला लागले तेव्हा, की तुम्ही पडल्यावर?"

"हंडा मला ठाऊक आहे, पोरी. तुझी बाटली ठाऊक नाही." मालिताने नातवाच्या टोपीची कड खाली ओढली. "चहामळ्यातल्या पोरीचं बाळ लावलंस ना काल? कुठाय ते?"

डोरिकाने रिकाम्या यंत्राकडे पाहिलं.

"आणि त्याच्या आधी ते जुळ्यातलं? मी इथं नुसती मक्याची न्सिमा घोटायला बसलेली नाही. डोळे उघडे असतात माझे."

"त्यांना फार उशिरा लावलं, आजी. आम्हीच उशिरा लावलं."

"मग तुमच्या उशिराचं खापर माझ्या नातवावर कशाला? आणि हे माझ्या एकटीच्या हातातलं नाही. लेफिनाच्या मामाला निरोप गेलाय. तो आला की त्याला विचार."

डोरिका लेफिनाकडे जाऊन आली. ती तापातच म्हणाली, "आई आणि मामा म्हणतील तसं." बापाला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. या भागात पोर आईच्या कुळाचं. बाप आला असता तरी टोपी हातात धरून भिंतीशी उभा राहिला असता. तेव्हा मामाची वाट पाहण्यावाचून इलाज नव्हता. डोरिका इतर बाळांना दूध पाजत होती, टाचा टोचून रक्तातली साखर बघत होती, आणि मधूनमधून कोपऱ्यातलं कण्हणं ऐकत होती.

मामा, ग्रेवाझिओ, दुपार झाल्यावर भाड्याच्या सायकलीमागे बसून आला, धुक्याने ओलाचिंब. सभ्य माणूस. त्याने आधी बहिणीची विचारपूस केली, मग डोरिकाची, मग डोरिकाच्या घरच्यांची. रस्ता कसा होता हे तिने विचारायचं, त्याने सांगायचं, मग तिची रात्र कशी गेली हे त्याने विचारायचं. हे सोडून थेट मुद्द्यावर येणारी बाई इथे उद्धट ठरते, आणि उद्धट बाईचं कोण ऐकतं? म्हणून डोरिकाने दात आवळून सगळं रीतसर पार पाडलं.

मग तिने समजावून सांगितलं. त्याने मान हलवत सगळं ऐकून घेतलं.

"चांगलं सांगितलंत, सिस्टर. आता मला एक दाखवा. या बाटलीवरून उतरून घरी गेलेलं एखादं पोर."

"आहे ना. एक मुलगी आहे. मिगोवी गावाकडची. आता चालायलासुद्धा लागली असेल."

"म्हणजे इथं नाही."

"इथे कशी असेल, मामा? बरी होऊन घरी गेली ना ती."

"तेच म्हणतो मी. मेलेली सगळ्यांनी पाहिलीत. जगलेली फक्त तुम्ही पाहिलीत."

खरंच होतं ते. बरी झालेली बाळं आयांच्या पाठीवर बसून निघून जात आणि कुणी त्यांना दाखवायला परत आणत नसे. यंत्र देणाऱ्या पाहुण्यांना तरी हे सुचायला हवं होतं. पण ते फोटो काढून गेले होते.

"मी खोटं कशाला सांगू, मामा? मला काय मिळणार आहे त्यात?"

"खोटं म्हणत नाही मी. पण घाई कशाला? थोडं बघू या. उजेड आहे अजून."

उजेड होता, पण बाळाकडे तेवढा वेळ नव्हता. डोरिकाने दोनदा गळ घातली. दुसऱ्यांदा तर ती गुडघ्यांवर बसली, मोठ्यांसमोर बसतात तशी. ग्रेवाझिओने तिला प्रेमाने उठवलं आणि पुन्हा तेच सांगितलं. जोर करून बाळ ओढून घ्यावं असं तिच्या मनात आलं. एकदा एका नर्सने तसं केलं होतं. बाळ गेलं, आणि पुढे कितीतरी दिवस त्या गावातल्या बायका बाळंतपणाला दवाखान्यातच फिरकल्या नाहीत.

धुकं आणखी खाली उतरलं तेव्हा कण्हणं थांबलं. मालिताला वाटलं, बाळाला आराम पडला. तिने हसून भावाकडे पाहिलं. डोरिका धावत आली. बाळाला आराम पडला नव्हता. कण्हायलाही जी ताकद लागते ती संपली होती. ओठ जांभळाच्या रंगाचे झाले होते.

"लावा मग आता," ग्रेवाझिओ म्हणाला. "आता काय राहिलंय?"

तिने लावलं. नळ्या बरोबर बसल्या. बाटलीत बुडबुडे उठले. मालिता खिडकीशी उभी राहून बाळाकडे पाहायचं सोडून त्या बुडबुड्यांकडेच टक लावून पाहत होती, जणू काय करायचं ते तेच करणार होते. थोडा वेळ ओठांवर लाली आल्यासारखी वाटली. मग छाती हलायची थांबली. डोरिकाने पिशवी दाबून श्वास दिला, दोन बोटांनी छाती दाबली, पुन्हा दिला, पुन्हा दाबली. दिवे लागायच्या आत सगळं संपलं.

ग्रेवाझिओने टोपी काढली आणि तो बाहेर गेला. एवढ्याशा जिवाला मातीत ठेवायला पुरुष जात नाहीत. ते काम बायकांचं.

मालिताने बाळाला पुसलं, गुंडाळलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. गुंडाळी मांडीवर घेऊन बसली आणि वर न बघता म्हणाली, "सकाळीच हो म्हटलं असतं तर?"

डोरिका तिच्या शेजारी बसली. ज्याच्या घरी माणूस गेलंय त्याच्यासमोर हिशेब मांडायचा नसतो, हे तिला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. अशा वेळी थंडावा देणारे शब्द बोलायचे, जखमेवर ओलं फडकं ठेवावं तसे. तिने कधीच कुणाला दुसरं काही सांगितलं नव्हतं, आणि तिच्या ओळखीच्या कुठल्याच नर्सनेही नाही.

"काही फरक पडला नसता, आजी," ती म्हणाली. "त्याचे दिवसच तेवढे होते. सकाळी लावलं असतं तरी यंत्राने काही झालं नसतं."

मालिताने खोल श्वास सोडला. "नसतं झालं ना?"

"नसतं झालं."

म्हातारीचे खांदे सैल पडले. ते बघून डोरिकालाही जरा हलकं वाटलं. तिने उठून नळ्या सोडवल्या, औषधाच्या पाण्यात घालून स्वच्छ केल्या, कारण त्या मापाच्या नळ्यांचा दुसरा जोड नव्हता. आणि त्या घेऊन ती एस्नार्टच्या खाटेशी आली. एस्नार्टचं बाळ आता कण्हायला लागलं होतं. नुकतंच, अगदी सकाळी मालिताचं कण्हत होतं तसं.

"एस्नार्ट, याला लगेच लावू या. आत्ता लावलं तर हा वाचेल."

एस्नार्टने बाळावर हात ठेवला. "आत्ताच तर तुम्ही आजींना म्हणालात. यंत्राने काही होत नाही म्हणून."

डोरिकाने वळून पाहिलं. मालिता अजून तिथेच होती, गुंडाळी पाठीवर घेऊन चितेंजेची गाठ बांधत होती. झोपलेलं मूल घेऊन निघाल्यासारखी दिसत होती.

"जरा बाहेर ये," डोरिका हळूच म्हणाली. "सांगते तुला."

"इथंच सांगा ना, सिस्टर. आजींना एक आणि मला एक, असं का?"

वॉर्डातल्या सगळ्या बायका इकडे वळल्या होत्या. डोरिकाला वाटलं, आता गप्प राहिले तर हेही जाईल, आणि यानंतरचंही. तिने मालिताकडे पाहायचं टाळलं.

"सकाळी लावलं असतं तर ते जगलं असतं," ती म्हणाली. "मी आजींना बरं वाटावं म्हणून तसं म्हणाले. लावलं असतं तर बहुतेक जगलं असतं."

एस्नार्टने तिच्याकडे पाहिलं, मालिताच्या पाठीवरच्या गाठोड्याकडे पाहिलं.

"एका तोंडाने दोन गोष्टी सांगता," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती नुसती घाबरली होती. "मी कुठली धरू? नको, सिस्टर. माझी आई येऊ दे. तोवर हात लावू नका याला."

"तुझी आई कधी येणार?"

"उद्या. चालत येतेय."

तिने बाळाला छातीशी ओढलं आणि भिंतीकडे तोंड केलं. डोरिका नळ्या हातात धरून उभी राहिली. ती आणखी काही बोलली असती, पण मागून कुणीतरी तिच्या कोपराला हात लावला. मालिता होती. तिचा चेहरा एवढ्यातच उतरून वेगळा झाला होता, ओळखू येऊ नये इतका. शिव्या घालेल, अंगावर धावून येईल असं डोरिकाला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"तू मघाशी मला सांगितलंस, यंत्राने काही झालं नसतं, तेच राहू दे, पोरी," मालिता म्हणाली. "लेफिनाला मी तेच सांगते. गावातही तेच सांगते."

आणि पाठीवरचं बाळ सावरत ती लेकीच्या वॉर्डाकडे गेली. डोरिकाने तिला थांबवलं नाही.